राहिलेले दहावे पोते

मी साताऱ्यात बी.ए. केले ते मराठी घेऊन. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. तेव्हा प्रोग्रॅमिंगवर हा काय बोलणार, असे तुम्ही म्हणाल. निमित्त भाचीचे आहे. ती सांगलीच्या एका कॉलेजात बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीआधी तिचा फोन आला, ‘मामू, मी कोर्स सोडते. मराठी शाळेतल्या मुलींचं हे काम नाही.’ दुसऱ्या दिवशी मी एसटीने सांगली गाठली.

तिला ‘सी’ भाषा शिकायची आहे. ही भाषा डेनिस रिची यांनी 1972च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवली. पुढे 1978 साली ब्रायन कर्निगहॅन यांच्यासोबत त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. पडद्यावर जगाला नमस्कार उमटवायचा, हा त्यातला पहिला धडा आजही अनेक वर्गांत गिरवतात. भाचीच्या वहीत तो होता. पुढचे पंधरा प्रोग्रॅमही सुवाच्य अक्षरात होते. फळ्यावरचे वहीत, वहीतले जर्नलमध्ये. स्वतः चालवून पाहिलेले मात्र जेमतेम चार! पोहण्याची वही पूर्ण करून कोणी कृष्णेत उतरते का?

तिची मोठी धास्ती इंग्रजीतल्या चुकांच्या संदेशांची होती. वाक्याच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर यंत्र पुष्कळदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवते. ही पोरगी त्या निर्दोष ओळीत तासभर चूक शोधत बसायची. खरे तर विराम दिसला नाही, म्हणून वाक्य अजून चालूच आहे असे समजून यंत्र पुढे वाचत जाते आणि तिथे अडखळते. एवढे कळल्यावर इंग्रजी फारसे आड येत नाही. अशा नेहमीच्या संदेशांची मराठीतली यादी आम्ही वहीच्या मागच्या पानावर केली.

मग मी म्हटले, आधी मराठीत सांग, काय करायचे ते. तिचे अब्बा, म्हणजे आमचे दाजी, मार्केट यार्डात तोलणार आहेत. हळदीची पोती तोलण्यात त्यांचा जन्म गेला. दहा पोत्यांचे एकूण वजन, हाच प्रोग्रॅम घेतला. बेरजेसाठी एक खोके घ्यायचे, त्यात शून्य ठेवायचे, एकेका पोत्याचे वजन त्यात मिळवत जायचे. अशी पायरीपायरीने लिहिलेली रीत म्हणजे अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदादमध्ये भारतीय अंकांच्या हिशेबावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल् ख्वारिझ्मी यांच्या नावाचे लॅटिनमध्ये जे रूप झाले, त्यावरून हा शब्द आला. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाला हे ऐकून बरे वाटते, इतकेच.

पहिल्यांदा एकूण वजन अवाच्या सवा आले. खोक्यात शून्य ठेवायचेच राहिले होते. ‘सी’मध्ये असे खोके आपोआप रिकामे मिळतेच असे नाही, आधीचा कसलाही आकडा त्यात पडलेला असू शकतो. दाजी हसले, ‘पासंग न बघता तोललंस की!’

दुसऱ्यांदा उत्तर पटण्यासारखे आले. यंत्राची काही तक्रार नव्हती. भाची खूश झाली. दाजींनी मात्र तोंडी बेरीज केली आणि म्हणाले, ‘एक पोतं कुठं गेलं?’ तिने मोजणी 1 पासून सुरू करून ‘10 पेक्षा कमी असेपर्यंत’ चालवली होती. त्यामुळे ती नवालाच थांबली. ‘10 किंवा त्याहून कमी’ असे हवे होते. प्रोग्रॅमरांच्या भाषेत ही एकाची चूक. अनुभवी लोकांकडूनही ती होते.

‘हे पोतं ज्या शेतकऱ्याचं, त्यानं पट्टी कुणाकडं मागायची?’ दाजींच्या या प्रश्नावर ती गप्प झाली.

आता मोबाइलवर मागितला तर असा प्रोग्रॅम क्षणात लिहून मिळतो, तोही बहुधा बरोबर. ‘मग मी कशाला शिकू?’ असे तिने मला सकाळीच विचारले होते. तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते.

तिने खूण बदलली. दहा पोती भरली. दाजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘आता पोतं एकच आलं तर? आणि एकही नाही आलं तर?’ साताऱ्याची शेवटची गाडी गाठायला मी निघालो, तेव्हा ती दोघे शून्य पोत्यांचे वजन करत होती.