बाळ कोणाचे?

तुमच्या शाळेत कधी रक्तगटाची तपासणी झाली आहे का? झाली असेल, तर तुमच्या कार्डावर ए, बी, एबी किंवा ओ असे लिहिलेले असेल. रक्ताचे पहिले तीन गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्ना शहरात दाखवून दिले. चौथा गट, एबी, पुढच्या वर्षी सापडला.

रक्तगट आपल्याला आईवडिलांकडून मिळतो. एक खूण आईकडून येते, एक वडिलांकडून. ए आणि बी या खुणा लगेच दिसतात. ओ मात्र लाजाळू आहे. ती दोघांकडून आली तरच मूल ओ गटाचे होते. एकाकडूनच आली, तर ए किंवा बीच्या मागे लपून राहते. म्हणूनच आई आणि वडील दोघेही ए गटाचे असून मूल ओ गटाचे असू शकते. त्यात नवल काहीच नाही.

आता एक कोडे सोडवा. समजा, एका रुग्णालयात एकाच रात्री दोन बाळे जन्मली आणि त्यांच्या हातातील पट्ट्या गळून पडल्या. एका बाळाचा गट ओ, दुसऱ्याचा बी. पहिल्या जोडप्यात दोघेही ओ गटाचे. दुसऱ्या जोडप्यात वडील एबी आणि आई ओ गटाची. कोणते बाळ कोणाचे?

एबी गटाचे वडील ए किंवा बी देतात. ओ त्यांच्याजवळ नसतेच. म्हणजे ओ गटाचे बाळ दुसऱ्या जोडप्याचे नाही. ते पहिल्या जोडप्याला द्यायचे!

पण दोन्ही बाळे ओ गटाची आणि चारही पालक ओ गटाचे असते तर? रक्तगटावरून काहीच ठरले नसते. रक्तगट ‘हे बाळ यांचे नाही’ असे सांगू शकतो. ‘हे यांचेच आहे’ असे तो सांगत नाही, कारण तोच गट लाखो लोकांचा असतो.

आणि ‘नाही’ म्हणतानाही जपावे लागते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अगदी दुर्मिळ गट शोधला. त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ गटासारखाच दिसतो. या माणसांजवळ ए किंवा बीची खूण असली, तरी ती रक्तात उमटत नाही. कारण त्यासाठी लागणारा ‘एच’ नावाचा पदार्थ त्यांच्या रक्तात नसतो. त्यांच्या मुलाला एचची खूण दुसऱ्या पालकाकडून मिळते आणि लपलेला ए किंवा बी उघड होतो. मग आईवडील दोघेही ओ दिसतात आणि मूल ए गटाचे! अशा घरात कार्ड पाहून कोणी संशय घेतला, तर केवढा अन्याय होईल! म्हणून डॉक्टर आधी एच पदार्थाची तपासणी करतात. बाळ कोणाचे हे नक्की ठरवायचे असेल, तर आता डीएनए तपासतात.