१६ एप्रिल : निघायचा मुहूर्त!

काही तारखांच्या पायाला भिंगरीच असते. १६ एप्रिल त्यातलीच! या तारखेला कुणीतरी निघालेलं, पोचलेलं नाहीतर भरकटलेलं सापडतंच.

१८५३ : बोरीबंदर, दुपारचे ३ वाजून ३५ मिनिटं. २१ तोफांची सलामी झाली आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं ऐटीत ठाण्याकडे सुटली. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे! माणसं ४०० आणि डबे १४. आजचा ठाणेकर हे वाचून नुसता उसासा टाकेल.

१८६७ : अमेरिकेत विल्बर राइटचा जन्म. पुढे विमानात आधी कोण बसणार, यासाठी भावाभावांनी छापा-काटा केला. विल्बर जिंकला, पण उड्डाण फसलं. तीन दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, पाळी आली धाकट्या ऑर्व्हिलची. पहिलं उड्डाण त्याच्या नावावर लागलं!

१९१२ : हॅरिएट क्विंबी ही इंग्लिश खाडी विमानातून एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री ठरली. पण आदल्याच दिवशी ‘टायटॅनिक’ बुडालेली. वर्तमानपत्रांत हॅरिएटला जागा कुठली!

१९१७ : झुरिकहून निघालेला रशियन क्रांतिकारक लेनिन शत्रुदेश जर्मनीतून खास रेल्वेने पार होऊन रात्री पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला. तेव्हाच्या रशियन कॅलेंडरात मात्र तारीख होती ३ एप्रिल!

१९४३ : स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन प्रयोगशाळेत काम करत होते. नकळत एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचा अंश शरीरात गेला, गरगरायला लागलं. घरी जाऊन आडवे झाले, तर मिटल्या डोळ्यांपुढे रंगांची आतषबाजी! या तारखेचा हा एकच प्रवासी अंथरुणात पडून फिरून आला.

१९७२ : अपोलो १६ चंद्राकडे झेपावलं. वाटेत अंतराळवीर केन मॅटिंग्लींची लग्नाची अंगठी यानातच हरवली. परतीच्या प्रवासात ते यानाबाहेर काम करत असताना ती उघड्या दारातून तरंगत निघाली, त्यांच्याच हेल्मेटवर आपटून मागे वळली आणि सहप्रवासी चार्ल्स ड्यूक यांनी ती अलगद झेलली. पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरवर अंगठी सापडते. आपली पलंगाखाली गेली की आठवडाभर दर्शन नाही!