गीझर बिघडला? ठेव मोडण्याआधी चार प्रश्न विचारा

डिसेंबरअखेर दिल्लीचा पारा उतरला की आमच्या शाखेत एक कारण हमखास ऐकू येते: "गीझर गेला, पैसे काढायचे आहेत." गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त काकू पन्नास हजारांची मुदत ठेव मोडायला आल्या. मिस्त्रीने सांगितले होते, "टाकी सडली आहे. नवा गीझर बसवून साडेनऊ हजार. आजच सांगा." मी विचारले, "काकू, टाकीतून पाणी गळतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, नुसतं तापत नाही." मग टाकी सडली कशावरून? आम्ही अर्ज बाजूला ठेवला. दुसऱ्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला. भेटीचे २००, भागाचे ३५० आणि मजुरीचे ३००, असा ८५० रुपये खर्च आला आणि ठेव शाबूत राहिली.

प्रत्येक मिस्त्री फसवतो असे नाही. पण चार प्रश्न विचारले की सल्ला रास्त आहे की नाही, हे बऱ्याच अंशी कळते.

१. नेमका कोणता भाग बिघडला?

"गीझर खराब झाला" हे उत्तर नव्हे. भागाचे नाव विचारा आणि लक्षणाशी ताडून पाहा.

• पाणी अजिबात तापत नाही: वीजपुरवठा, थर्मोस्टॅट, सुरक्षेचा कटआउट किंवा एलिमेंट. हे भाग सुटे बदलता येतात.
• गीझर लावताच एमसीबी किंवा ईएलसीबी पडतो: बहुधा एलिमेंट किंवा वायरिंग. वीज बंद ठेवा, स्वतः उघडू नका.
• पाणी गळते: जोडणी, गॅस्केट किंवा टाकी. टाकीलाच भोक पडले असेल तर गीझर बदलणे बहुधा योग्य. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना पडणारे थोडे थेंब मात्र बिघाड नसू शकतात.
• तापताना तडतड आवाज येतो: एलिमेंटवर क्षार साचले असावेत.

नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममध्ये अनेक सोसायट्यांचे पाणी जड आहे. त्यामुळे वर्षातून एकदा टाकी साफ करण्याचा आणि मॅग्नेशियमची दांडी (अॅनोड रॉड) तपासण्याचा सल्ला रास्त आहे. ही दांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते.

२. पाणी खरेच उशिरा तापते का?

"एलिमेंट कमजोर झाले" असे कोणी म्हटले तर घड्याळ लावा. २ किलोवॅटच्या गीझरला १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण २० ते २५ मिनिटे आणि पाऊण युनिट वीज लागते. २५ लिटरला ३५ ते ४० मिनिटे लागतात. नळाचे पाणीच गार असल्याने ऑक्टोबरपेक्षा जानेवारीत जास्त वेळ लागणारच. तो बिघाड नव्हे.

३. पैसे कशाकशाचे?

काम सुरू होण्याआधी रकमेचे तीन भाग करून लिहून घ्या: भेटीचे पैसे, भागाची किंमत आणि मजुरी. एकच गोळा आकडा मान्य करू नका. भाग बंद खोक्यात असेल तर त्यावरची एमआरपी वाचा. त्यात कर धरलेला असतो, त्याहून जास्त घेता येत नाही. काढलेला जुना भाग परत मागा. बिलात जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरी नोंदणी क्रमांक हवाच. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: दिल्ली ०७, हरियाणा ०६, उत्तर प्रदेश ०९.

४. वॉरंटी शिल्लक आहे का?

अनेक कंपन्या टाकीची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची देतात. कार्ड आणि बिल शोधा. कंपनीचा नंबर कार्डावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेला "कस्टमर केअर" नंबर बनावट असू शकतो. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

दुरुस्ती की नवा?

खर्च मोठा सांगितला तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. त्याच्या भेटीचे दोन-तीनशे रुपये वाया जात नाहीत. माझा साधा हिशोब असा: गीझर जुना आहे आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत जाते, तर नवा घ्या. घेताना आयएसआय खूण आणि बीईईचे स्टार लेबल पाहा.

ठेव शेवटी मोडा

मुदतीआधी ठेव मोडली की ती जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचाच दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही दंड कापतात. थोड्या दिवसांची अडचण असेल तर ठेवीवर कर्ज मिळते का, ते आधी विचारा. त्याहून सोपे म्हणजे एप्रिलपासून दरमहा ३०० रुपये वेगळे ठेवा. डिसेंबरपर्यंत २,७०० रुपये जमतील. घरातल्या बऱ्याचशा किरकोळ दुरुस्त्या तेवढ्यात भागतात.

लक्षात ठेवा: बिल हातात असेल तरच तक्रारीला जोर येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. "आजच ठरवा" म्हणणाऱ्याला "उद्या सांगतो" म्हणा. गार पाण्याची एक आंघोळ साडेनऊ हजारांपेक्षा स्वस्त पडते.