शिर्डीची रामनवमी : सुगीच्या उत्सवाचा मागोवा

शिर्डीची रामनवमी रब्बीच्या सुगीला लागून येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला गहू मार्चमध्ये कापणीला येतो आणि चैत्र शुद्ध नवमीपर्यंत मळणी होऊन घरात पडतो. तमिळनाडूचा सुगीचा सण पोंगल मात्र जानेवारीत, भाताच्या सुगीवर. तिथे नवा तांदूळ दूध-गुळात शिजवून सूर्याला अर्पण करतात, दुसऱ्या दिवशी गाईबैलांना पूजतात. शिर्डीत हा मान गव्हाचा.

या उत्सवाची सुरुवात 1897 साली उरुसाने झाली. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला आणि त्या आनंदात त्यांनी साईबाबांच्या संमतीने उरूस भरवला. तो रामनवमीच्या दिवशीच ठेवला गेला. नगरचे दामूअण्णा कासार आणि नानासाहेब निमोणकर यांची निशाणे मिरवत येऊन बाबा राहत त्या मशिदीवर, म्हणजे द्वारकामाईवर, चढू लागली. पुढे कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी संदलची मिरवणूक सुरू केली. 1912 मध्ये कृष्णराव भीष्म यांच्या सूचनेवरून रामजन्माचे कीर्तन व पाळणा यांची भर पडली. तेव्हापासून एकाच दिवशी निशाण, संदल आणि रामजन्म असा हा सोहळा चालत आला.

याच गावात धान्य देवापुढे ठेवण्याची रीतही रुजली. बाळाजी पाटील नेवासकर हे भक्त आपल्या शेताचे सारे पीक बाबांपुढे आणून ठेवत आणि बाबा देतील तेवढेच घरी नेत. बाबांनी जात्यावर गहू दळून ते पीठ गावच्या शिवेवर टाकायला सांगितले आणि पटकीची साथ हटली, ही हकिकत गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात आहे.

15 ऑक्टोबर 1918 रोजी बाबांनी देह ठेवला. 1922 मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची व्यवस्था लागली आणि उत्सवाचा पसारा वाढत गेला. आता मुंबई-पुण्याकडून पायी पालख्या येतात, तमिळनाडू-आंध्रातूनही भाविक येतात. तरीही शेतकऱ्याची खूण टिकून आहे. द्वारकामाईत गव्हाचे पोते वर्षभर ठेवलेले असते. रामनवमीला पूजा करून ते बदलतात. जुन्या पोत्यातला गहू प्रसादालयात जातो आणि त्याच्या पोळ्या भाविकांच्या पंगतीत वाढल्या जातात. पिकवणाऱ्याने आधी द्यावे आणि दिलेले सर्वांच्या मुखी लागावे, ही सुगीची जुनी समजूत या विधीने सव्वाशे वर्षांच्या उत्सवात जपली आहे.