शिवेवरचा राखणदार

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलग्याच्या पुढे उचगाव फाटा येतो. आत वळलं की मळेकरणी देवीची आमराई आणि मार्कंडेय नदीकडची भातशेतं. पावसाच्या तोंडावर इथं धूळवाफ पेरणी होते. पुढं जुलैत पाऊस कोसळत असताना एखादं भाताचं पान हातात घेऊन बघावं. पाणी त्यावर ठरत नाही, थेंब होऊन ओघळतं. अळवावरच्या पाण्याचं आपल्या भाषेला भारी कौतुक, पण भाताचं पानही त्यात मागं नाही. त्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. हे मेण पेशीच्या आत तयार होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. मग पेशीभिंतीच्या ओल्या वाटेनं ते बाहेर पोचतं कसं?

या वाहतुकीत हात असल्याचा संशय ज्यांच्यावर आहे, त्यांत एक चिमुकलं प्रथिन आहे. लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, थोडक्यात एलटीपी. त्याच्या कुळाचा पहिला माग लागला तो बटाट्यात. बेळगावच्या या पश्चिम भागात भाताइतकाच बटाटाही घरचा, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. 1975 साली फ्रान्समध्ये झाँ-क्लोद कादेर यांनी बटाट्यातून काढलेली प्रथिनं एका पटलावरचे स्निग्ध रेणू उचलून दुसऱ्या पटलावर नेतात हे दाखवलं. नाव पडलं ते या कामावरून. पण ते काम परीक्षानळीतलं होतं. पेशीच्या आतही हा हमाल असाच फिरत असेल, असं तेव्हा धरून चालले. 1991 साली गाजराच्या पेशींवर काम करणाऱ्यांना तो पेशीबाहेर सोडला जाताना दिसला, तोही वरच्या सालीच्या थरातून. म्हणजे याचा मुक्काम घरात नाही, शिवेवर आहे. नाव मात्र जुनंच राहिलं. मला विचाराल तर याला राखणदार म्हणायला हवं होतं.

बांधणी पाहण्यासारखी आहे. भातातल्या एलटीपी-1 मध्ये फक्त 91 अमिनो आम्लं असतात. त्यांपैकी आठ सिस्टीन. या आठांच्या चार जोड्या जमतात आणि गंधकाचे चार टाके पडतात. चार मळसूत्री वळणं त्या टाक्यांनी घट्ट आवळली जातात आणि मधोमध एक लांबट पोकळी उरते. तिच्या भिंती पाण्याला नको म्हणणाऱ्या, त्यामुळं स्निग्ध आम्लाची शेपटी आत सुखानं बसते. टाके असे पक्के की उकळलं तरी घडी सहजासहजी मोडत नाही, पोटातल्या पाचकरसांनाही ती दाद देत नाही. पीच फळाच्या सालीतल्या याच्याच भाऊबंदामुळं भूमध्य समुद्राकाठच्या अनेकांना गंभीर ॲलर्जी होते, ती याच चिवटपणापायी.

आता करपा. भातकरी या रोगाला किती भितो हे सांगायला नको. करप्याच्या बुरशीचा बीजाणू पानावर चिकटतो, तिथं एक फुगीर गोळा तयार करतो आणि त्यात सुमारे 80 वातावरणांइतका दाब साठवतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीसपटींहून जास्त! त्या दाबानं तो पानाच्या कातडीत खिळा ठोकावा तसा आत घुसतो. अशा शत्रूसमोर शिवेवरच कोणी उभं असणं किती मोलाचं! 2003 साली चिनी संशोधकांनी भातातलं एलटीपी-110 वेगळं तयार करून तपासलं, तेव्हा करप्याच्या बीजाणूंचं रुजणं त्यानं रोखलं. भातावर जिवाणूजन्य करपा आणणाऱ्या जिवाणूलाही थोडा आळा बसला. ही प्रयोगशाळेतली झुंज आहे. शेतात औषधाची फवारणी यानं टळली असं कुणी समजू नये.

कांद्याच्या बियांतला या कुळातला एक गडी तर बुरशीला जबर मारतो, पण त्याची पोकळी बुजलेली आहे, ओझं वाहणं त्याला जमतच नाही. म्हणजे लढायला पोकळी लागतेच असं नाही.

सगळ्यांत विलक्षण नातलग सापडला 2002 मध्ये, ॲराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात. त्याला डीआयआर-1 म्हणतात. एका पानावर रोग पडला की इतर पानं आधीच सावध होतात. हे प्रथिन नसलेल्या रोपात रोग पडलेलं पान नेहमीसारखं झुंजतं, पण दूरच्या पानांना खबर पोचत नाही. सांगावा कोणत्या स्निग्ध रेणूचा, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. तो नेणारा मात्र याच कुळातला, तेच चार टाके आणि तीच पोकळी घेऊन शिरांमधून जाणारा.