हरणारा संघ आणि चाहत्याचा धीर

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत क्रिकेटवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. परंतु राजपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या मंडळींचे बोलणे कानावर पडते तेव्हा रक्तदाब आणि मधुमेह यांच्या खालोखाल ज्या विषयावर माणसे तळमळून बोलतात तो हाच, असे माझ्या ध्यानात आले आहे. त्यातही जिंकणाऱ्या संघाविषयी चार वाक्ये पुरतात. हरणाऱ्या संघाविषयी मात्र तास अपुरा पडतो. "दर वर्षी म्हणतात नवा संघ घडतो आहे, तो घडणार तरी केव्हा?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याची थोडी चिकित्सा करावी असे वाटले. चाहत्याचा हा वैताग माझ्या मते रास्त आहे. अडचण एवढीच की सावकाश होणारी सुधारणा आणि निव्वळ हेळसांड या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपला संघ कोणता?

बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसापुढे आधी हाच प्रश्न उभा राहतो. घरची भाषा मराठी, नातेवाईक भुसावळ-जळगावकडे, अमरावती आणि बुलढाणा जिल्हे शेजारी आणि पत्ता मध्य प्रदेशाचा. त्यामुळे महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तिन्ही रणजी संघांची सुखदुःखे आपल्या वाट्याला आली आहेत. योगायोग असा, की पराभवानंतर संघ पुन्हा कसा उभा राहतो, किंवा कसा राहत नाही, याची तीन वेगवेगळी उदाहरणे या तीन संघांतच सापडतात.

मध्य प्रदेशाच्या क्रिकेटचा वारसा मोठा आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर ही नावे आजही वडीलधारी मंडळी आदराने घेतात. आपले बुऱ्हाणपूर होळकरांच्या राज्यात नव्हते, ते इंग्रजी मध्य प्रांतात मोडत असे. पण पुढे इंदूर आणि आपण एकाच राज्यात आलो आणि त्या कीर्तीत आपलाही वाटा झाला.

संस्थाने गेली, राजाश्रय गेला आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. वारसा मध्य प्रदेशाच्या संघाकडे आला, करंडक मात्र आला नाही. १९९८-९९ च्या हंगामात चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली संघ बंगळुरूला अंतिम सामन्यात उतरला. कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडीही मिळाली. सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक आपला होता. परंतु शेवटच्या डावात संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हरला. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना तो अजून विसरता येत नाही.

पराभव एवढा का लागतो?

डॅनियल काहनेमान आणि आमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत आता सर्वपरिचित आहे. मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा गमावलेल्या गोष्टीचे दुःख माणसाला बरेच अधिक, साधारण दुपटीने, जाणवते. म्हणजे निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहताही मनाच्या जमाखर्चात तोट्यातच राहतो. मग सतत हरणाऱ्या संघाच्या चाहत्याची अवस्था काय सांगावी!

दुसरे निरीक्षण याहून मार्मिक आहे. रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' असे म्हणत आणि हरला की 'ते हरले'. आपल्याकडेही याहून वेगळे घडत नाही. मात्र जो माणूस हरल्यावरही 'आपण हरलो' म्हणतो आणि मग तावातावाने भांडतो, तोच संघाचा खरा सोबती होय. त्याचा राग हे संघ त्याच्या मनात अजून जिवंत असल्याचे लक्षण आहे.

उशीर का लागतो?

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडून तिकडच्या बेसबॉलच्या गोष्टी कानी येतात. तेथे शाळा-महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडताना तळाच्या संघांना आधी संधी मिळते. त्यामुळे काही संघ जुने, महागडे खेळाडू सोडून देतात, दोन-तीन हंगाम जवळजवळ ठरवून हरतात आणि त्या अवधीत तरुणांचा नवा संघ बांधतात. शिकागोचा कब्ज संघ २०१२ मध्ये १६२ पैकी १०१ सामने हरला आणि २०१६ मध्ये त्याने १९०८ नंतरचे पहिले जगज्जेतेपद मिळवले. ह्यूस्टनचा संघ २०१३ मध्ये १११ सामने हरला व २०१७ मध्ये विजेता ठरला. अर्थात त्या वर्षी त्याने कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याचे पुढे सिद्ध झाले आणि त्या यशाला डाग लागला. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून २०२३ च्या निवडीपासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाऊ लागली.

आपल्या रणजी स्पर्धेत हरण्याचे असे कोणतेही बक्षीस नाही. खेळाडू मुख्यतः आपल्याच जिल्ह्यांतून घडवावे लागतात. अनुभवी पाहुणे घेता येतात, पण मोजकेच. चौदा वर्षांचा मुलगा आज नजरेत भरला, तर तो सोळा, एकोणीस आणि तेवीस वर्षांखालील संघांच्या पायऱ्या चढून रणजी संघात पक्का होईपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. शिवाय अलीकडच्या हंगामांत साखळीत साधारण सातच सामने असतात. म्हणजे तरुण फलंदाजाला अनुभव मिळतो तो असा थेंबाथेंबाने. लहान गावातील मुलाची अडचण आणखी वेगळी. सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या खेळपट्टीवर वाढलेल्या मुलाला गवताच्या खेळपट्टीवर चेंडू कसा वळतो आणि कसा उठतो, हे मोठ्या शहरात गेल्यावरच कळते. तोवर त्याच्या वयाचा इंदूरचा मुलगा दोन वर्षे पुढे गेलेला असतो.

सोळा महिन्यांची गोष्ट

मार्च २०२० मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून मध्य प्रदेशाकडे परतले. मुंबई आणि विदर्भ या दोन्ही संघांना त्यांनी करंडक मिळवून दिले होते, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. कोरोनामुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धाच झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विजय हजारे करंडकात, तेही घरच्या होळकर मैदानावर, झारखंडने आपल्याविरुद्ध ९ बाद ४२२ धावा केल्या. ईशान किशनने एकट्याने १७३ धावा काढल्या. आपला संपूर्ण संघ ९८ धावांत बाद झाला. पराभव तब्बल ३२४ धावांचा! त्या दिवशी 'सगळे बदला' म्हणणाऱ्याला दोष कोण देईल?

आता पुढचे पाहावे. जून २०२२ मध्ये हाच संघ पंडितांच्याच हाताखाली बंगळुरूच्या त्याच मैदानावर, ४१ वेळा विजेत्या मुंबईसमोर अंतिम सामन्यात उभा राहिला. वेंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघाबरोबर असल्याने उपलब्ध नव्हते. मुंबईने ३७४ धावा केल्या. सर्फराज खानने शतक ठोकले. आपल्या यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके काढली आणि संघ ५३६ पर्यंत पोहोचला. २६ जून रोजी आदित्य श्रीवास्तवच्या संघाने सहा गडी राखून सामना जिंकला. सरवटे-निंबाळकरांच्या वारशाला सुमारे सात दशकांनी करंडक मिळाला. गावातील मराठी घरांत त्या दिवशी मने दुभंगली असतील असे काहींना वाटले होते. प्रत्यक्षात मुंबईची मराठी नावे ऐकूनही बहुतेकांचे मन इंदूरकडेच झुकल्याचे मी पाहिले.

फेब्रुवारी २०२१ ते जून २०२२ म्हणजे अवघे सोळा महिने. त्या नामुष्कीनंतर प्रशिक्षक आणि तरुण खेळाडू दोघांनाही हाकलले असते, तर हे फळ हाती लागले नसते.

निदान कसे करावे?

येथे आपल्या व्यवसायातील एक दाखला उपयोगी पडेल. मोडलेले हाड प्लास्टरमध्ये असताना सहा आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. आत नवे हाड धरत असेल तरी प्लास्टर तेच, आणि धरत नसेल तरी तेच. रोज प्लास्टर उघडून पाहणारा रुग्ण हाड जुळू देत नाही. पण सहा महिने 'जुळेल, जुळेल' म्हणत एक्स-रे न काढणारा डॉक्टरही तितकाच दोषी. संघाचा एक्स-रे म्हणजे पुढील चार प्रश्न, असे मला वाटते.

एक, तरुण खेळाडूला सलग पूर्ण हंगाम मिळतो का, की दोन अपयशी डावांनंतर तो बाहेर? दोन, सोळा व एकोणीस वर्षांखालील संघांची कामगिरी सुधारते आहे का? रणजी संघाचा उद्याचा चेहरा तेथेच दिसतो. तीन, पराभवाचे रूप बदलते आहे का? डावाने हरणारा संघ आता शेवटच्या सत्रापर्यंत झुंजत असेल, तर गुणतक्ता काही म्हणो, हाड धरू लागले आहे. चार, प्रशिक्षक आणि निवडकर्ते यांना ठरावीक मुदत दिली आहे का, आणि मुदत संपल्यावर त्यांना जाब विचारला जातो का?

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता. साठ वर्षे त्याची गणना दुबळ्यांत होत असे. घरच्या मुलांना घडवणे आणि वसीम जाफरसारख्या अनुभवी पाहुण्याची जोड देणे हा मार्ग त्याने सोडला नाही. १ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच इंदूरला दिल्लीला हरवून त्याने पहिला करंडक जिंकला. पुढे २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा. एकदाच्या नशिबाने हे होत नाही.

याउलट महाराष्ट्राचा संघ. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक जिंकल्यावर तो पुन्हा विजेता झालेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीपर्यंत जाऊन तो परतला. २०१३-१४ मध्ये तर केदार जाधवने हंगामात १२२३ धावा काढल्या होत्या. एकेक उत्तम खेळाडू निपजणे वेगळे आणि संघ उभा राहणे वेगळे, हे यावरून कळते. येथील चाहत्याला 'धीर धरा' असे सांगताना जीभ अडखळते. धीर हे औषध आहे खरे, पण निदानाशिवाय दिलेले औषध रुग्णाची फसवणूक ठरते.

खरा धोका

मध्य प्रदेशाचा संघ २०२२-२३ मध्ये उपांत्य फेरीत बंगालकडून आणि २०२३-२४ मध्ये विदर्भाकडून हरला. २०२४-२५ मध्ये तर बाद फेरीही गाठता आली नाही. कुरकुर पुन्हा सुरू झाली. ती चालू राहावी, असेच मी म्हणेन. चाहता चिडतो तोवर काळजीचे कारण नाही. ज्या दिवशी तो 'हरू देत, आपल्याला काय!' म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटेल, त्या दिवशी रोग बळावला असे समजावे. कारण बापाला ज्याचे काही वाटत नाही, त्या खेळासाठी मुलगा पहाटे पाचला उठून मैदानावर जात नाही. आणि मुलगाच गेला नाही तर दहा वर्षांनंतरचा संघ येणार कोठून?

म्हणून सुज्ञ वाचकांना माझी विनंती एवढीच. आपल्या संघावर जरूर रागवावे, परंतु सामन्याच्या निकालाबरोबर वरील चार प्रश्नही विचारावेत. जमल्यास वर्षातून एकदा जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालील मुलांचा सामना पाहायला जावे. तेथे टाळ्या वाजवणाऱ्यांची गर्दी नसते आणि निकालही कोणाच्या लक्षात राहत नाही. पण हाड धरते आहे की नाही, ते तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते.