जुन्या ट्रॅक्टर टायरपासून पट्ट्याची गाडी: टायर कापण्याआधी करायचा हिशेब



मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर दुकानात एक मुलगा आला. वय चोवीस-पंचवीस, लांज्याकडचा. पॉवर टिलरचे बेल्ट घेता घेता त्याने मोबाईल पुढे केला. रशियातला व्हिडिओ होता. एका माणसाने ट्रॅक्टरचा जुना टायर कापून त्याची रिंग पट्ट्यासारखी चाकांवर चढवली होती आणि ती घरगुती गाडी बर्फातून, चिखलातून आरामात चालली होती. मुलगा म्हणाला, "दादा, अशी गाडी आपल्याकडे कोणाकडेच नाही. मी बनवतो. आईच्या बांगड्या गहाण ठेवल्या की पैसे उभे राहतील."

मी त्याला नाही म्हटलं नाही. खुर्ची दिली, चहा सांगितला आणि वही उघडली. त्या दिवशी आम्ही जो हिशेब केला तोच आज तुम्हाला सांगतो. गाडी बनवायची असेल तर उपयोग होईलच, आणि दुसरं कुठलं यंत्र बनवायचं डोक्यात असेल तरी होईल.

पट्टा नेमकं काय करतो?

पोकलेनची लोखंडी चेन सगळ्यांनी पाहिली आहे. रबरी पट्टा म्हणजे तीच कल्पना. ही कल्पना जुनी आहे. आडोल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच इंजिनिअर रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा. बर्फात चाकं रुततात म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी लवचिक पट्टा बसवला. पुढे सिट्रोएन कंपनीने त्याच पद्धतीच्या गाड्या बनवल्या. १९३१ साली त्यातल्या दोन गाड्या श्रीनगरहून गिलगिटपर्यंत नेल्या, वाटेत काही ठिकाणी सुट्या करून, माणसांच्या खांद्यावरून.

पट्ट्याचं काम एकच: वजन जास्त जागेवर पसरवणं. हे आकड्यात बघू.

समजा गाडी आणि माल मिळून ८०० किलो. चार लहान टायर आहेत आणि प्रत्येक टायर जमिनीला १५ बाय २० सेंटिमीटर टेकतो. म्हणजे एकूण १,२०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर भार आला साधारण ०.६७ किलो.

आता पट्टा. १३.६-२८ मापाचा ट्रॅक्टरचा मागचा टायर बाहेरून साधारण १.३ मीटर व्यासाचा असतो. नक्षीची उंची आणि रबराची जाडी सोडून आतून टेप लावला आणि पट्टा ३.८ मीटर भरला असं धरू. दोन टोकांना ४० सेंटिमीटर व्यासाची चाकं. त्यांच्याभोवती गुंडाळण्यात १.२६ मीटर गेले. उरलेल्याचा अर्धा भाग वर, अर्धा खाली. म्हणजे जमिनीवर १.२७ मीटर. पट्ट्याची रुंदी ३० सेंटिमीटर धरली तर दोन पट्ट्यांचे झाले ७,६२० चौरस सेंटिमीटर. भार आला ०.१ किलोच्या थोडा वर. चाकांच्या मानाने सहापट कमी! सत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा साधारण ०.३५ किलो भार पडतो. म्हणजे जिथे तुमचा पाय रुततो तिथेही ही गाडी कमी रुतेल.

पण हे गणित एका अटीवर खरं आहे. दोन टोकांच्या चाकांच्या मध्ये, खालच्या बाजूला तीन-चार छोटे रोलर हवेत. ते नसतील तर सगळं वजन दोन टोकांवरच येतं आणि मधला पट्टा नुसता लोंबतो. घरगुती गाड्यांमध्ये ही चूक सर्रास दिसते. पट्टा दिसतो, पण पट्ट्याचं काम होत नाही.

टायर निवडताना आणि कापताना

रत्नागिरीत मुळात ट्रॅक्टर कमी, पॉवर टिलर जास्त. त्यामुळे मोठे जुने टायर बहुतेक घाटावरून, कोल्हापूर-सांगली-कराडकडून आणावे लागतात. टायरची किंमत विचारताना घाट उतरवण्याचं भाडं धरूनच विचारा.

१) नायलॉनचा साधा टायर घ्या. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात. त्या सुरीने कापत नाहीत, कापल्या तर टोकं बाहेर येतात आणि गंजतात.

२) दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एका पट्ट्याची लांबी दोन बोटं जास्त असली तरी गाडी एका बाजूला ओढत राहते.

३) आधी हवा पूर्ण काढा, टायर रिमवरून उतरवा, मगच हात लावा. टायर बसलेला असताना रिमला वेल्डिंग कधीही करायचं नाही. आतली हवा तापून टायर फुटतो आणि माणूस जातो.

४) बाजूची भिंत धारदार सुरीने, साबणाचं पाणी लावत कापा. ग्राइंडर लावला तर रबर जळतं, धूर होतो, आग लागू शकते. कडेची जाड तार कापायच्या भानगडीत पडू नका, भिंतीसकट ती बाजूला जाते. कापलेल्या कडेला नायलॉनचे धागे उघडे पडतात. तिथून पाणी शिरलं की थर सुटायला लागतात, म्हणून कड रबर सोल्यूशनने बंद करा.

५) पट्टा ओढायला दातेरी चाक लागतं आणि दात बसायला पट्ट्यात भोकं. भोकांचं अंतर असं ठरवा की पट्ट्याच्या लांबीला निःशेष भाग जाईल, आणि भोक दोन उंच पट्ट्यांच्या मधल्या खाचेत येईल. ३.८ मीटरला १० सेंटिमीटरने भागलं तर ३८ भोकं बरोबर बसतात. शेवटचं भोक अर्धा इंच चुकलं की दात प्रत्येक फेरीला तिथेच उडी मारणार.

६) टोकाची चाकं फार लहान करू नका. टायर जाड असतो. लहान चाकावर त्याला सतत वाकवण्यात इंजिनची ताकद जाते आणि खाचांमध्ये भेगा पडतात. एका टोकाचं चाक बोल्टने पुढे-मागे सरकवता आलं पाहिजे, म्हणजे ताण देता येतो.

वळवायचं कसं? इथे जीव जातो

पट्ट्याची गाडी स्टिअरिंगने वळत नाही. एक बाजू थांबवायची, दुसरी चालवायची. पॉवर टिलरच्या गिअरबॉक्सला डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे क्लच असतात, म्हणून अशा गाडीला जुन्या टिलरचं इंजिन आणि गिअरबॉक्स सोयीचा पडतो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सपाटीवर डावा क्लच दाबला की डावी बाजू थांबते आणि गाडी डावीकडे वळते. उतारावर मात्र डावी बाजू इंजिनपासून सुटली की वजनाने जोरात पळू शकते, आणि गाडी उजवीकडे जाते! जुने टिलर चालवणारे हे अनुभवाने जाणतात. आपल्या बागा उतारावर, खाली दरी किंवा गडगा. तीनशे किलो माल लादलेला असताना हा धोका परवडणारा नाही. म्हणून दोन्ही बाजूंना वेगवेगळे ब्रेक बसवल्याशिवाय गाडी उतारावर न्यायची नाही, आणि मालावर माणूस बसवायचा नाही. कधीच.

काम कुठे आहे?

आता खरा प्रश्न. त्या मुलाला मी विचारलं, "गाडी झाली. उद्या सकाळी ती कुठे जाणार?" तो गप्प.

मग आम्ही एकेक काम तपासलं. भातशेतीची चिखलणी? टिलरला लोखंडी केज व्हील लावली की चिखलणी होते, आणि तो जोड पट्ट्यापेक्षा किती तरी स्वस्त. आंब्याच्या हंगामात क्रेट वाहणं? एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी असते. रस्ता असेल तिथे टिलरची ट्रॉली जाते, आणि कातळावर जांभ्याच्या धारेने पट्टा उलट लवकर फाटेल.

मग उरलं काय? पावसाळा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि आंब्याच्या कलमांना खत घालायचं तेही पावसाळ्याच्या सुरुवातीलाच. दहा वर्षांच्या पुढच्या कलमाला साधारण ५० किलो शेणखत लागतं. १०० कलमांची बाग म्हणजे ५ टन! लाल मातीचा निसरडा उतार, चाकं घसरतात, म्हणून खत डोक्यावरून जातं. माणूस एका खेपेला २५ किलो नेतो असं धरलं तर २०० खेपा. गाडीने ३०० किलोची एक खेप धरली तर १७ खेपा. भरणं-उतरवणं धरून खेपेला अर्धा तास लागला तर साडेआठ तास. एका दिवसाचं काम.

दुसरं काम ऑक्टोबरमधलं. कापलेलं भात ओल्या मळ्यातून खळ्यापर्यंत आणणं. तिसरं खार जमिनीतलं, जिथे माती-माल न्यायला चाकाची गाडी उतरत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आठवा. देठासकट आंबा खाली न पाडता उतरवायचा, ही बागायतदाराची नेमकी अडचण होती. झेला त्या अडचणीसाठी बनला म्हणून तो घराघरात गेला. आपणही आधी अडचण शोधायची, यंत्र नंतर.

दर कसा काढायचा?

बागायतदाराला विचारा, त्या २०० खेपांना तुम्ही मजुरी किती देता? जो आकडा येईल तो तुमच्या दराची वरची मर्यादा. त्याच्या खालीच तुम्हाला बसायचं आहे.

आता खालची मर्यादा. समजा जुना टिलर, टायर, लोखंड, वेल्डिंग मिळून ९० हजार खर्च आला. गाडी तीन हंगाम चालेल असं धरलं तर हंगामाला ३० हजार. हंगामात कामाचे दिवस ३० मिळाले तर दिवसाला १,००० रुपये फक्त गाडीचे. त्यावर डिझेल, दोन माणसांची मजुरी, दुरुस्ती. दिवस ३० ऐवजी १० मिळाले तर तेच १,००० चे ३,००० होतात. धंदा तिथेच बुडतो, वर्कशॉपमध्ये नाही. माझे आकडे खोडून तुमचे घाला, पद्धत तीच ठेवा.

कायद्याचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, प्रशासन कधी ना कधी ती थांबवेल. त्यांनी त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. लोहारांच्या हुशारीबद्दल प्रश्नच नाही. पण प्रत्येक घरगुती गाडीला बोलेरो मिळत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर चालवायचं वाहन नोंदणीशिवाय चालत नाही. घरी बनवलेल्या पट्ट्याच्या गाडीला एमएच-०८ ची पाटी मिळेल या भरवशावर राहू नका. ती बागेच्या आत चालवायची, आणि एका बागेतून दुसरीकडे टेम्पोत घालून न्यायची. टेम्पोचं भाडं दरात धरा. मधला रस्ता नुसता ओलांडायचा असेल तरी आधी आरटीओत जाऊन विचारा. अशा गाड्या बनवून विकायचा विचार असेल तर तो वेगळाच खेळ आहे, चाचणी, मंजुरी आणि अपघाताची जबाबदारी सगळं तुमच्यावर. सुरुवातीला गाडी विकू नका, गाडीचं काम विका.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याला मी एक काम दिलं. टायर बघू नको, आधी दहा बागांत जा, उतार बघ, वाट बघ, मजुरी विचार. आठ दिवसांनी वही भरून आला. दहापैकी सहा बागांत ट्रॉली जाईल एवढी वाट होती. चार बागांत खरंच डोक्यावरून खत जात होतं, आणि त्यातल्या दोघांनी "गाडी आण, आधी बघू" एवढंच म्हटलं.

दोन गिऱ्हाइकांवर पट्ट्याची गाडी उभी राहत नाही, हे त्याचं त्यानेच सांगितलं. त्या पावसाळ्यात त्याने टिलर आणि ट्रॉली भाड्याने घेऊन त्या सहा बागांपैकी तीन बागांचं खत वाहिलं. अंगावर कर्ज नाही, हातात थोडे पैसे आणि तीन बागायतदारांचे नंबर. उताराच्या बागांची यादी तो वाढवतो आहे. ती दहावर गेली की टायर बघायला घाटावर जाऊ, असं आमचं ठरलं आहे. आईच्या बांगड्या आईच्याच हातात आहेत.

तुमच्या डोक्यात कुठलंही यंत्र असो, वहीचं पहिलं पान गिऱ्हाइकाच्या नावांचं असू द्या. टायर कापला की परत जोडता येत नाही.